चवथीचे पाट किती घ्यायचे, भाव किती सांगायचा

गोव्यात अजूनही कितीतरी घरे चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, मूर्ती बसवायचा आपला लाकडी पाट चित्रशाळेत (मूर्ती घडवण्याच्या जागी) आणून देतात; एक पाट म्हणजे एका मूर्तीची मागणी. पिढ्यांचे संबंध, त्यातून देवाचे काम, म्हणून भाव सांगायला मूर्तिकाराची जीभ रेटत नाही. पण भाव देवाचा नसतो, मजुरीचा असतो. पाट घेतानाच रक्कम सांगा, पाटाखाली नाव आणि उंचीशेजारी लिहा आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या.

पाट किती घ्यायचे ते मूर्तीच्या डोळ्यांवरून ठरवा. डोळ्यांची आखणी मुख्य मूर्तिकाराच्याच हातून व्हायला हवी. मूर्तीचा जीव तिथेच आहे. एका मूर्तीला अर्धा तास आणि दिवसाला आठ मूर्तींपर्यंत हात स्थिर, असे धरले तर शेवटच्या पंधरा दिवसांत १२० मूर्ती होतात. पुढचा पाट नम्रपणे परत करा.

साच्यातल्या दीड फुटी मूर्तीचा नमुना हिशेब असा: बारा तास, तासाला १०० रुपये, म्हणजे १२००. माती, रंग, सोनेरी मिळून ३००. तडकणाऱ्या मूर्तींसाठी यावर दहा टक्के, १५०. वीज आणि मांडव १५०. झाले १८००. स्वतःचे तास न धरता ८०० सांगणारा दोन-तीन वर्षांत चित्रशाळा बंद करतो, आणि मग ती कलाही जाते.

साच्याचे काम आषाढातच संपवा. पावसाळी हवेत माती सावकाश वाळते. घाईने हॅलोजनचा दिवा लावला की बाहेरची माती आधी आकसते, आतली ओली राहते आणि सोंडेच्या किंवा हाताच्या जोडावर तडा जातो. जोड देताना दोन्ही बाजू ओलसर असतानाच खरवडून मातीचा पातळ गारा लावा. रंगाआधी तळाला गाल टेकवून पाहा. गार लागला तर आत ओल आहे; त्यावर रंग दिला तर पापुद्रे सुटणार.

साच्याशिवाय, मनासारख्या पाच मूर्ती दरवर्षी कराच. त्यांचे तास वेगळे मोजा, भाव दुप्पट निघाला तरी तोच सांगा. गिऱ्हाईक नसेल तर त्या बाकीच्यांच्या कमाईतून करा, भाव पाडून नको.

चवथीनंतर दिवाळीतल्या नरकासुराचे मुखवटे आणि शिगम्याचे चित्ररथ हातात घ्या. चिकणमातीच्या मूर्तींना गोव्याच्या हस्तकला महामंडळाचे अनुदान मिळते. त्यासाठी प्रत्येक पाटाची पावती आणि वहीतली नोंद जपून ठेवा.