दंडाचं हाड मोडलं? या चुका टाळा

आमच्या नौपाड्यातल्या मावशीचा पाय ओल्या मोरीत घसरला आणि ती हातावर पडली. एवढंच. घोडबंदर रोडवर बाईक घसरली असती तर घरच्यांनी लगेच दवाखाना गाठला असता. साठीनंतर, त्यातून बायकांची हाडं ठिसूळ झालेली असतील, तर उभ्याउभ्या पडूनही दंडाचं हाड खांद्याजवळ मोडतं.

"बोटं हलतायत ना, मग मुका मार आहे," म्हणून हळदीचा लेप लागला. इथेच सगळे फसतात. दंड मोडला तरी बोटं हलतात! तीन दिवसांनी काळंनिळं कोपरापर्यंत उतरलं, तेव्हा कुठे एक्स-रे निघाला. तोवर हात इतका सुजला होता की पाटली कापावी लागली. म्हणून पडल्यापडल्या आधी बांगड्या-अंगठ्या काढा, ओढणीची झोळी करून हात छातीशी बांधा, मगच रिक्षात बसा. ऑपरेशन लागू शकतं, तेव्हा डॉक्टर बघेपर्यंत चहासुद्धा नको.

तरुण पोरं पंजा लढवतानाही दंड मोडून घेतात. हाड अक्षरशः पिळवटतं. तिथे हाडाला लगटून एक नस जाते. ती दुखावली की मनगट वर उचलत नाही. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. घाबरू नका, बहुतेकांची नस काही महिन्यांत आपोआप सुधारते.

सगळ्यात महाग चूक लहान मुलांच्या बाबतीत होते. सोसायटीच्या बागेत झोपाळ्यावरून, घसरगुंडीवरून मूल हात टेकून पडतं आणि हाड कोपराच्या जरा वर मोडतं. पाच ते सात वर्षांची मुलं यात जास्त. मग कुणीतरी हाड बसवणाऱ्याचं नाव सुचवतं. तो चोळतो, कामट्या लावून करकचून बांधतो. आत सूज वाढत जाते, रक्त अडतं, काही तासांत स्नायू मरायला लागतात आणि बोटं कायमची आखडू शकतात. बोटं गार किंवा पांढरी पडली, ती सरळ करताना मूल किंचाळलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. प्लॅस्टर घातल्यानंतरही हेच लागू.

मावशीचं स्लिंगवर भागलं. पण डॉक्टरांनी हात झुलवायला सांगूनही ती भीतीपोटी महिनाभर हलवेना, आणि खांदा आखडला. हाडांच्या घनतेची तपासणी मात्र आम्ही करून घेतली. ती राहिली असती तर पुढच्या वेळी कदाचित खुबाही मोडला असता.