मोरियाहून निघालेलं पत्र: पहिल्या सेशनच्या आधीची तयारी

कादंबरीच्या जगात कॅम्पेन, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं बनून अनेक बैठकांत (सेशनांत) खेळायचा गोष्टीचा खेळ, चालवायचं ठरलं की आधी त्या पुस्तकातली रिकामी जागा शोधा. नियम, फासे, नकाशे नंतर. आमच्या टेबलावर तिघांना ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तोंडपाठ आहे, दोघांनी फक्त सिनेमे पाहिलेत. यांना पुस्तकाचा नायक फ्रोडो याच्या वाटेनं नेलं तर तिघं पुढचं बोलून दाखवणार आणि दोघं ऐकत बसणार. म्हणून टॉल्किननं शेवटी जोडलेली सनावळी पेन्सिल घेऊन वाचायची. तिसऱ्या युगाच्या २९८९ साली बालिन हा ड्वार्फ (बुटक्या, डोंगरात राहणाऱ्या लोकांपैकी एक) एरेबोर हे आपलं डोंगरातलं राज्य सोडून मोरिया या डोंगराखालच्या जुन्या ड्वार्फ-नगरीत जातो आणि २९९४ साली त्याची वसाहत बुडते. मधल्या पाच वर्षांबद्दल पुस्तकात थोडकंच आहे. सुरुवातीला चांगल्या बातम्या आल्या, मग येईनाशा झाल्या. पण त्या बातम्या कुणीतरी डोंगर-जंगल तुडवत नेल्या असतील ना? आमचे खेळाडू म्हणजे ते निरोपे.

बालिन मरणार हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका. लपवलं तर ज्यांना माहीत आहे ते गप्प राहण्यात दमतात. मग वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे पुस्तकानं ठरवलेलं, ज्याला हात लावायचा नाही. उजवीकडे पुस्तक जिथं गप्प आहे ते: कुठलं पत्र पोहोचलं, कुठलं वाटेत गेलं, कुणाचा भाऊ माघारी आला. उजवा रकाना खेळाडूंच्या मालकीचा. त्यात आपली गोष्ट आधीच लिहून ठेवायचा मोह मलाही होतो, पण तो आवरा. गँडाल्फ आणि अरागॉर्न या पुस्तकातल्या बड्या नायकांची नावं फार तर सरायीत कानावर पडू द्या. ते स्वतः आले की आपले खेळाडू बघे होतात.

नियमांच्या निवडीत फार दिवस घालवू नका. सगळ्यांना डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा असाच पात्रं बनून खेळायचा खेळ येत असेल तर तेच घ्या, फक्त जादू बरीच छाटा. या जगात आगीचे गोळे फेकणारे गावोगाव भेटत नाहीत. आम्ही ‘द वन रिंग’ हा टॉल्किनच्याच जगावरचा खेळ घेतला, कारण प्रवासाचे आणि मनावर पडणाऱ्या सावलीचे नियम त्यात आहेत. त्याला बारा बाजूंचा एक फासा आणि सहा बाजूंचे काही फासे लागतात. सहा बाजूंचे ल्युडोच्या डब्यातून काढा. बारा बाजूंचा फासा मिळाला नाही तर दोन साध्या फाशांची बेरीज करू नका. बेरजेत ७ छत्तीसात सहादा येतो, १२ एकदाच, आणि १ कधीच नाही. त्यापेक्षा पहिला फासा विषम आला तर दुसऱ्याचा आकडा तसाच धरा, सम आला तर त्यात ६ मिळवा. बाराही आकड्यांना सारखी संधी मिळते. ११ म्हणजे सॉरॉनचा, म्हणजे पुस्तकातल्या खलनायकाचा, डोळा आणि १२ म्हणजे गँडाल्फची खूण, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मधे ठेवा.

वाट आखताना मोरियाच्या पूर्वेच्या दारातून डिमरिल डेल, तिथून अँडुइन नदीच्या काठानं उत्तरेला बेऑर्निंग नावाच्या माणसांचा मुलूख, मिर्कवुडचं जंगल ओलांडून लाँग लेक आणि मग एरेबोर. प्रत्येक मुक्कामाला एकच माणूस आणि त्याला काय हवंय एवढंच लिहा.

खरी मेहनत जागा उभ्या करण्यात आहे. आम्ही छत्रपती संभाजीनगरात खेळतो, त्यामुळे मोरियाच्या तयारीसाठी एका रविवारी सगळे मिळून दौलताबादला गेलो. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, वळणावळणाच्या पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत, पाय दर वेळी फसतो. वटवाघळांचा वास घशात बसतो. आपोआप हात भिंतीकडे जातो आणि पुढच्याचा आवाज नेमका कुठून येतोय तेच कळेनासं होतं. हे सगळं घरी येऊन लगेच लिहून काढलं. “काळोख होता” म्हणण्यापेक्षा “पुढची पायरी नेहमीपेक्षा खोल लागते” म्हटलं की टेबलावर सगळे पाय आखडून बसतात. बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. पण जालन्याकडचा एक जण डिसेंबरात रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी देतो. पाय बधिर झाले की चप्पल कधी चिखलात राहिली ते कळत नाही, हे त्यानं सांगितलं. मोरियावरच्या मिस्टी माउंटन्स या डोंगररांगेची थंडी मी तिथूनच उचलली.

भाषाही आधी ठरवा. आमच्याकडे एल्फ (टॉल्किनच्या जगातले अमर लोक) प्रमाण मराठीत, जरा जुन्या वळणानं बोलतात. बेऑर्निंग मात्र दारातूनच विचारतो, “काय करायलास इथं?” त्यानं तो मुलूख एकदम आपला वाटायला लागतो. ड्वार्फ, ऑर्क (शत्रूचे क्रूर सैनिक) ही नावं तशीच राहू द्या. ‘राक्षस’ म्हटलं की डोळ्यासमोर वेगळंच काही येतं.

कॅरेक्टर शीट (प्रत्येकाच्या पात्राच्या माहितीचा कागद) आणि नकाशे छापून ठेवा, लाईट गेली की मोबाइलच्या बॅटरीवर तीन तास निघत नाहीत. घरापुरतं खेळायला काही अडत नाही, पण या जगावर लिहिलेलं छापून विकायचा विचार असेल तर हक्कांचं आधी बघा. टॉल्किन १९७३ साली गेले आणि आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात.

शेवटचं काम आदल्या रात्रीचं. बालिननं निरोप्यांच्या हाती दिलेलं पत्र खरोखर हातानं लिहा, घडी घाला, मेणबत्तीचं मेण ओतून बंद करा. आत काय आहे ते कुणालाच सांगू नका. ते न फोडता एरेबोरला न्यायचं, की वाटेत फोडायचं, हे मिर्कवुडच्या कडेला एका रात्री त्यांना ठरवावं लागेल. त्या क्षणी मेण खरंच तुटायला हवं, आणि आतला कागद कोरा असून चालणार नाही.