ल्युपस असताना काम कसं टिकवायचं

मी गोव्यातल्या फोंड्यात एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची बचत, गोळा करते. वरचा बाजार, तिस्क, दुकानामागून दुकान आणि डोक्यावर ऊन. ल्युपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. त्याचं निदान झाल्यावर ज्याने त्याने सांगितलं, काम सोड. सोडलं तर कमिशन बंद, औषधं मात्र चालूच.

साहेबांकडे जाताना आजाराचं पुराण नेऊ नका. समोरचा आधी ‘लागतो का?’ विचारतो (लागत नाही, एकदाच सांगून मोकळं व्हा), मग म्हणतो, ‘दिसतेस तर बरी!’ त्यापेक्षा कुठलं काम, कुठल्या वेळी जमत नाही आणि त्याऐवजी काय कराल, तेवढंच बोला. मी म्हटलं, दुपारचं ऊन मला चालणार नाही, त्याने नुसती कातडी लाल होत नाही, सगळा आजारच उसळतो. दुपारी आत बसून खाती जुळवते, बाजाराची फेरी पाचनंतर करते. तसाही दुकानदाराचा गल्ला संध्याकाळीच भरलेला असतो. साहेबांना आजार कळला की नाही देव जाणे, गल्ला बरोबर कळला.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, पण ‘विश्रांतीची गरज’ एवढंच लिहिलेली नको. उन्हात काम नको, सकाळी सांधे आखडतात म्हणून उशिरा हजेरी, तपासणीच्या दिवशी रजा, असं मुद्द्याचं लिहून मागा.

पावसाळ्यात गाफील राहू नका, ढगांतूनही अतिनील किरण येतात. सनस्क्रीन, लांब बाह्या बाराही महिने. एसीच्या झोताखाली काहींची बोटं पांढरी पडतात, मग निळी. तसं होत असेल तर खुर्ची हलवून मागा. सकाळी माझी बोटं वळत नाहीत, नोट चिमटीतून निसटते. म्हणून मोजणी मशीनवर आणि तीही उशिरा.

आता अपंगत्वाच्या दाखल्याचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यांत ल्युपस नाही. पण ल्युपसने किंवा स्टिरॉइडने कायमचं नुकसान केलं असेल, खुबा झिजला, नजर गेली, तर त्या नुकसानीवर दाखला मिळू शकतो. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर. आरक्षणासारख्या सवलतींना निदान 40 टक्के लागतात. थकवा कुठल्याच टक्क्यात बसत नाही, आणि खरं तर तोच माणसाला आडवा करतो. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्या कारणाने काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही, कलम 20 दाखवा. आम्हा कमिशनवाल्यांना ते कवच नाही, म्हणून तर वेळेची बोलणी महत्त्वाची.

बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन (ल्युपसवर नेहमी देतात ती गोळी) चालू असेल तर डोळ्यांची तपासणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी वसुली वाढते आणि घरचंही काम अंगावर येतं. तेव्हाच्या फेऱ्या वाटून घ्यायचं महिनाभर आधीच ठरवा. नेवऱ्या (करंज्या) मी विकतच्या आणते, सासूबाई काय म्हणायचं ते म्हणोत.