मणक्याच्या फ्युजननंतर स्ट्रेचिंग: कुठवर ताणायचं, कुठे थांबायचं

फ्युजनमध्ये मणके स्क्रू-रॉडने धरून ठेवतात आणि हाडाचा ग्राफ्ट, म्हणजे हाडाचे तुकडे, भरतात. तो एकजीव व्हायला ३ ते ६ महिने, काहींना वर्षही लागतं. तोवर बराचसा भार स्क्रूवर. म्हणून "कंबर आखडलीय, जरा मोकळी करून घ्या" हा सल्ला ऐकून सोडून द्या. जोडलेला भाग हलू नये यासाठीच तर ऑपरेशन झालंय.

पहिले ६ आठवडे मुख्य व्यायाम एकच, चालणं. उन्हाळ्यात सोलापूरच्या कंबर तलावाकडे फिरायला जायचं तर सकाळी आठच्या आत परत या. उठताना आधी कुशीवर वळा, खांदे आणि कंबर एकदम. वाकणं, पिळणं, वजन उचलणं बंद. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे आलं की घागरी भरायची घाई होते. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

सर्जनने परवानगी दिली की मांडीमागचे स्नायू ताणायचे, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. हे स्नायू खाली गुडघ्यापाशी आणि वर बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात. त्यांची लांबी संपली की ते ओटीपोटाचं हाड मागे ओढतात, कंबर गोल होते आणि ताण थेट स्क्रूवर जातो. बसून पायाचे अंगठे धरणं, गुडघे छातीशी ओढणं, सरळ पायावर थेरपिस्टने अंगाचा भार टाकणं, तिन्ही नको.

करायचं ते असं. कडक गादीच्या पलंगावर उताणे झोपा. जमिनीवर नको, उठताना वाकावं लागतं. एक गुडघा दुमडून पाऊल टेकलेलं. कमरेच्या पोकळीत पातळ टॉवेलची घडी सरकवा. दुसरी मांडी उभी करा आणि तिच्या मागून पंचा घालून दोन्ही टोकं धरा, म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत. आता गुडघा हळूहळू सरळ करा, पाऊल सैल ठेवून. हलका ताण जाणवला की तिथेच २० ते ३० सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा. प्रत्येक पायाला तीनदा, दिवसातून एकदा. झटके द्यायचे नाहीत. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तरी काही बिघडत नाही.

लक्ष टॉवेलवर असू द्या. कंबर त्यावर जास्त दाबली जाऊ लागली म्हणजे ताण मांडीतून निसटून मणक्यात गेला. पाय थोडा खाली घ्या.

स्नायूचा ताण मांडीच्या मधोमध लागतो आणि काही सेकंदांत सैलावतो. मुंग्या, जळजळ किंवा करंट गुडघ्याखाली पावलापर्यंत गेला तर ती नस आहे. तेव्हा लगेच सोडा. "सहन करा, मोकळं होईल" हे इथे साफ चूक. सुजलेली नस ताणली की आणखी चिडते. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं वाढलेलंच असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, मग फिजिओ काहीही म्हणोत.

फिजिओकडे जाताना डिस्चार्ज कार्ड न्या. कुठले मणके जोडलेत आणि सर्जनने काय मनाई केलीय ते त्यांनी आधी वाचू दे. मालीशवाला आणि कंबर कडकडा मोडून देणारा यांच्याकडे अजिबात फिरकू नका.

विड्या वळणाऱ्या बायकांनी आणखी एक पाहावं. मांडीवर सूप घेऊन तासन् तास पुढे वाकून बसणं हाही ताणच, तोही दिवसभराचा. कामावर परतताना खुर्ची आणि कोपरांच्या उंचीचं टेबल हवं. दर अर्ध्या तासाने उठा. तंबाखू आणि मिश्री बंद, कारण निकोटीनमुळे हाड जुळायला अडथळा येतो.

लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, जखमेतून पाणी येऊ लागलं, ताप आला किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनकडे जा. लघवी, शौच, बधिरपणा किंवा पाऊल यांपैकी काही असेल तर ओपीडीची वेळ पाहू नका, थेट इमर्जन्सीत.