मे महिन्याच्या समुद्रावरून हिवाळ्याचा दाब कसा ओळखावा

उत्तर अटलांटिकचा हिवाळा बराचसा दोन ठिकाणच्या दाबावर चालतो. एक आइसलँडजवळचा कमी दाब, दुसरा अझोरेस बेटांजवळचा जास्त दाब. दोन्हींतला फरक वाढला की पश्चिमी वारे जोर धरतात आणि उत्तर युरोपात हिवाळा सौम्य आणि ओला जातो. फरक घटला की कडाका. या चढउताराला एनएओ (नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन) म्हणतात; फरक जास्त असेल तर एनएओ धन, कमी असेल तर ऋण. हवा दोनेक आठवड्यांत मागचं सगळं विसरते, पाणी विसरत नाही. म्हणून मी हिवाळ्याचा अंदाज मे महिन्याच्या समुद्रापासून सुरू करते.

मे महिनाच का? हिवाळ्यात वादळं समुद्र घुसळतात आणि उत्तरेकडे पाणी शेकडो मीटर खोलवर एकसारखं होतं. उन्हाळ्यात वर वीस-तीस मीटरचा उबदार थर बसतो आणि हिवाळ्याची खूण, म्हणजे पाण्याच्या तापमानातला फरक, त्याखाली झाकली जाते. शरदात घुसळण पुन्हा सुरू झाली की तीच खूण वर येते. मे महिन्यात हे झाकण नुकतंच बसू लागलेलं असतं, खूण अजून पृष्ठभागावरच दिसते.

आकडे 'एचएडीआयएसएसटी'चे घ्या, म्हणजे ब्रिटनच्या मेट ऑफिस या हवामान संस्थेच्या, समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या नोंदींचे. ते १८७० पासूनचे, एक अंशाच्या ग्रिडवर आहेत. प्रत्येक चौकटीतून तिथली मे महिन्याची दीर्घकालीन सरासरी वजा करा. मग तापमानवाढीचा कलही काढा, नाहीतर अलीकडची सगळी वर्षं नुसती 'गरम' दिसतात आणि आकृतिबंध बुडून जातो. चौकटींची सरासरी काढताना अक्षांशाच्या कोसाइनने वजन द्यायला विसरू नका, कारण उत्तरेकडे चौकट अरुंद होत जाते.

आता तीन पट्टे पाहा: ग्रीनलँडच्या दक्षिणेचा, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापलीकडचा आणि उष्ण कटिबंधातला. मधला गरम आणि बाकीचे दोन थंड असतील तर कल धन एनएओकडे. उलट असेल तर ऋणाकडे. प्रत्येक पट्ट्याचा फरक त्याच्याच प्रमाण विचलनाने भागा, मग मधल्यातून बाकी दोघांची सरासरी वजा करा. एकाच पट्ट्यावर विसंबू नका, तिघांची मांडणीच बोलते.

इथे मी एकदा सपशेल चुकले होते. डिसेंबर ते मार्चच्या एनएओला मी त्याच हिवाळ्यानंतरच्या मेशी जोडलं. सहसंबंध इतका देखणा आला की दोन दिवस मी हरखून होते. मग तारखांचे रकाने शेजारी ठेवले, तेव्हा कळलं की समुद्र दाब सांगत नव्हता, दाबानेच समुद्रावर ठसा उमटवला होता. म्हणून रकान्याला नाव देताना 'मे २००९ → हिवाळा २००९-१०' असं पूर्ण लिहा.

२००९-१० चा हिवाळा तीव्र ऋण एनएओचा होता. त्याचा ठसा मे २०१० मध्ये ठळक दिसत होता, उन्हाळ्यात खाली गेला आणि शरदाच्या अखेरीस वर आला. त्या डिसेंबरात ब्रिटनने शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर पाहिला. पण फेब्रुवारी २०११ पर्यंत एनएओ धन झाला होता. या पद्धतीचं बळ आणि मर्यादा दोन्ही मला याच एका हिवाळ्यात दिसतात.

पारख करताना एकेक वर्ष बाजूला ठेवून उरलेल्यांवरून समीकरण बांधा आणि बाजूला ठेवलेल्याचा अंदाज काढा. सरासरी आणि कलसुद्धा त्या वर्षाशिवाय मोजा. ब्रिटनचं मेट ऑफिस मेच्या तापमानावरून असाच अंदाज देत असे, आणि चिन्ह (एनएओ धन की ऋण) तीनपैकी सुमारे दोन वर्षांत बरोबर येई. तुमचा आकडा याहून फार चांगला आला, तर आधी चूक शोधा.

अंदाज सांगताना 'ऋण होण्याची शक्यता तीनात दोन' असं म्हणा, दाब किती मिलिबार असेल ते नको. नोव्हेंबरमध्ये नकाशा पुन्हा काढा. मेचे पट्टे वर आले असतील तर शक्यता तशीच ठेवा. आले नसतील तर मी ती निम्म्याच्या जवळ आणते.