भरती किती वर्षांची? सही करण्याआधी हिशेब मांडा

सकाळी साडेपाचला मैदानावर अंधारच असतो. सोळाशे मीटर पळून आलेली पोरं कंबरेवर हात ठेवून धापा टाकत असतात. त्यातलंच एखादं जवळ येतं आणि विचारतं, "काका, मिलिट्रीत किती वर्षं राहावं लागतं?" उंची किती लागते, पुलअप्स किती काढायचे, हे त्याला तोंडपाठ असतं. पण आपण कशावर आणि किती वर्षांसाठी सही करणार आहोत, हे मात्र बहुतेकांना नीट ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

मी सातारा जिल्ह्यातला. २००१ साली साडेअठराव्या वर्षी भरती झालो, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग केलं, आणि २४ वर्षांनी हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. आमच्या भागात फौज घरोघरी आहे. अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. तरीही भरतीच्या टेबलापाशी उभा राहिलो तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं : पंधरा वर्षं काढली की पेन्शन.

त्या टेबलाची गोष्ट सांगतो. मेडिकल पास झालेली आमची रांग होती. फॉर्म वाचून दाखवणारा माणूस हिंदीत भराभर वाचत होता. मी मान हलवत होतो, पण लक्ष होतं माझ्या हातातल्या मार्कलिस्टच्या सुरकुत्यांकडे. शेवटी 'समझ गए?' असं विचारलं. 'जी सर' म्हणालो आणि सही केली. काय समजलं होतं? काहीच नाही. पुढे पलटणीतल्या शिक्षण हवालदारांनी आर्मी ॲक्ट १९५० समजावून सांगितला, तेव्हा डोळे उघडले. त्यातलं १३ वं कलम सांगतं की भरती करणाऱ्या अधिकाऱ्याने सेवेच्या अटी वाचून आणि समजावून द्यायच्याच. म्हणजे तिथे थांबून 'परत सांगा' म्हणणं हा तुमचा हक्क आहे. खोटी माहिती दिली तर शिक्षा आहे, हेही तिथेच सांगतात. आणि १५ वं कलम तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. तीन महिने पगार घेतला आणि नाव रोलवर राहिलं, की भरतीच्या कागदात काही चूक होती म्हणून सोडा, असं म्हणता येत नाही. तुम्ही रीतसर भरती झालात असंच धरलं जातं.

जुन्या पद्धतीत 'किती वर्षं' याचं उत्तर एका आकड्यात मावत नसे. आमच्या आळीतले एक आजोबा सात वर्षं पलटणीत आणि आठ वर्षं रिझर्व्हमध्ये, अशा करारावर होते. सात वर्षांनी घरी आले, शेतीला लागले. पण बोलावणं आलं की पेटी उचलून जायचं हे ठरलेलं. दोन्ही मिळून पंधरा झाली, म्हणून त्यांना रिझर्व्हिस्टची पेन्शन मिळाली. आमच्या वेळेपर्यंत हे बदललं होतं. आमचा मुक्काम हुद्द्यावर ठरायचा. शिपायाच्या हुद्द्यावरच राहिलेला जवान साधारण सतराव्या वर्षाच्या मागेपुढे घरी यायचा. नायक झाला तर २२ वर्षं, हवालदार झाला तर २४. त्यावर दोन वर्षांचं एक्स्टेन्शन, तेही बोर्डाने मंजूर केलं तर आणि वयाच्या मर्यादेत बसलं तर. पेन्शनला किमान १५ वर्षांची सेवा लागायची.

म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी आमच्या बराकीत एकच विषय असायचा : फीत लागणार की नाही. नायकाची फीत म्हणजे पाच वर्षांचा जास्तीचा पगार, आणि घरच्यांच्या दृष्टीने पाच वर्षांची जास्तीची वाट बघणं. ज्याला फीत लागली नाही तो पस्तिशीत घरी. मुलगी तिसरीत, आईवडील थकलेले, आणि आपण बँकेच्या दारावर सिक्युरिटीची नोकरी शोधतोय, असे माझे दोन जिवाभावाचे सोबती आहेत. त्यांनी काही चूक केली नव्हती. पस्तिशीत आपण घरी असू, हा हिशेब आधी कुणी मांडला नव्हता इतकंच.

आता शिपायाची सरसकट भरती त्या पद्धतीने होत नाही. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि तेव्हापासून भूदलात, नौदलात, हवाई दलात जवान म्हणून जाणारा बहुतेक प्रत्येक जण अग्निवीर म्हणून जातो. मुदत चार वर्षं. ट्रेनिंग त्या चार वर्षांतच धरलेलं आहे, हे पोरांना सांगावं लागतं. सात महिन्यांच्या आसपास ट्रेनिंगमध्ये गेले की पलटणीत हातात उरतात साडेतीन वर्षांपेक्षा थोडे कमी.

माझा पुतण्या पहिल्या तुकड्यांतला. जाण्याआधी आम्ही दोघं ओट्यावर बसलो आणि त्याच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत कापून हातात २१,०००. दुसऱ्या वर्षी ३३,००० पैकी हातात २३,१००. तिसऱ्याला २५,५५०, चौथ्याला २८,०००. चार वर्षांत त्याचे स्वतःचे ५.०२ लाख जमतात, सरकार तेवढेच घालतं, आणि व्याज धरून सुटताना सुमारे ११.७१ लाख मिळतात, त्यावर आयकर नाही. ४८ लाखांचा विमा आहे आणि त्याचा हप्ता जवानाला भरावा लागत नाही. ही बाजू लिहून झाल्यावर मी पानाच्या मधोमध रेघ मारली आणि पलीकडे दुसरी बाजू लिहायला लावली. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे मिलिटरी कॅन्टीन आणि ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, दवाखाना नाही. वर्षाला रजा ३० दिवस. आम्हाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल मिळायची. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. तिने एकच विचारलं, "मग चार वर्षांनी ह्याचं वय किती?" तेवीस. तो आकडा पुतण्याने पानावर सर्वांत मोठा लिहिला.

चार वर्षांनी पुढे काय, यावर फार खोटं बोललं जातं. भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकॅडमीत मी स्वतःच्या कानांनी ऐकलं : "काळजी करू नका, चांगल्या पोरांना सगळ्यांना ठेवून घेतात." हे खरं नाही. प्रत्येक तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना, चार वर्षांतल्या कामगिरीवर आणि गुणवत्तेवर, कायम केलं जातं. शंभरात पंचवीस, तेही 'जास्तीत जास्त'. आणि ज्याला ठेवून घेतलं त्याला पुढे किमान १५ वर्षांची सेवा बांधील आहे. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी गेलेलं पोर एकतर तेविसाव्या वर्षी घरी येईल, नाहीतर अडतिशीपर्यंत गणवेशात राहील. दोन्ही चित्रं डोळ्यांसमोर ठेवून जा. पोराच्या फीचे पैसे बाप उसने आणतो. त्याला अर्धवट सांगून पाठवणं मला पाप वाटतं.

आता मधेच सोडण्याबद्दल. कंपनीतल्यासारखा राजीनामा ठेवून निघता येत नाही. अग्निवीराला स्वतःच्या मर्जीने मुदतीआधी सोडायचं तर फक्त अपवादात्मक कारणावर, आणि वरच्या अधिकाऱ्याने मंजूर केलं तरच. तसं सोडलं तर सेवा निधीतले स्वतःचे पैसे व्याजासह मिळतात, सरकारचा वाटा मिळत नाही.

आमच्या वेळच्या एका सोबत्याची गोष्ट सांगतो, नाव नको. दुसऱ्या वर्षी रजेवर गेला, वडिलांना लकवा झालेला. रजा संपली, हा गेलाच नाही. अर्ज नाही, फोन नाही. त्याला वाटलं, कळेल त्यांना. महिन्यावर दिवस गेल्यावर आईने पाठवला. कमांडिंग ऑफिसरसमोर टोपी काढून उभा राहिला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, मी बाहेरच होतो. शिक्षा झाली, आणि गैरहजेरीचे दिवस पेन्शनच्या सेवेत धरले गेले नाहीत. त्याने वेळेत पलटणीतल्या सिनियरला कळवलं असतं, गावच्या सरपंचाचा आणि डॉक्टरचा कागद पाठवला असता, तर रजा वाढली असती. अशा रजा वाढवून मिळालेल्या मी कितीतरी बघितल्या आहेत. घरी काहीही झालं तरी आधी पलटणीला कळवा, मग रडा.

सगळेच दरवाजे चार वर्षांचे नाहीत हेही सांगतो. नर्सिंग असिस्टंट, सिपाही फार्मा, धर्मगुरू या भरत्या नियमित सेवेच्या आहेत. बारावी सायन्सचं किंवा डी.फार्मचं पोर नकळत अग्निवीरच्या रांगेत उभं राहतं, तेव्हा वाईट वाटतं. आणि ज्याला अभ्यास झेपतो त्याने अधिकारी होण्याकडे बघावं. शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून ठरावीक मुदतीची नेमणूक, १० वर्षांचं असतं, ते आणखी ४ वर्षं वाढू शकतं. एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, करून कायम कमिशन घेणं हा तर वेगळाच रस्ता, त्यावर माझ्यापेक्षा जाणकार माणसं बोलतील.

जो चार वर्षांच्या रांगेतच उभा राहणार आहे त्याने पहिल्या दिवसापासून तेविसाव्या वर्षाची तयारी करावी. दहावीवर गेला असाल तर बारावीच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे, ती सोडू नका. इग्नू या मुक्त विद्यापीठाची अग्निवीरांसाठी पदवी आहे, त्यात फौजेतल्या प्रशिक्षणाचे गुण धरले जातात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के राखीव जागा आणि वयाची सवलत २०२२ सालीच जाहीर झाली होती. महाराष्ट्र पोलीस भरतीला खुल्या गटात २८ वर्षांपर्यंत वय चालतं, म्हणजे सुटल्यावरही पाच वर्षं हातात असतात. ड्रायव्हिंग, वायरलेस, जे शिकायला मिळेल त्याचा कागद घ्या आणि त्याची प्रत घरी पाठवा.

पुतण्याने पोचल्यावर पहिल्या फोनवर जेवणाबद्दल सांगितलं, थंडीबद्दल सांगितलं. मी त्याला विचारलं, "एनरोलमेंटची तारीख बघितलीस का कागदावर?" बघितली होती. इथे वहिनीने ती पंचांगाच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहून ठेवली आहे, शेजारी चार वर्षांनंतरची तारीख, आणि तिच्यापुढे तेवीस.