पाठ काय करायचं आणि काढायचं काय

"केल्तो की पाठ, मॅडम. पेपरात विसरलो."

प्रत्येक चाचणीनंतर हे वाक्य माझ्या कानावर येतंच. बोलणारी बहुतेक वेळा मुलगी असते. कोल्हापुरात आम्ही बायकाही 'आलो, गेलो'च म्हणतो, बाहेरच्यांना गंमत वाटते. राजारामपुरीत माझ्या घराच्या पुढच्या खोलीत नववी ते अकरावीची पोरं फिजिक्सला येतात. मला स्वतःला अकरावीच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी ६ पडले होते, आणि त्या दिवशी सगळी सूत्रं तोंडपाठ होती. म्हणून माझ्याकडे पहिला नियम असा: पाठ करायला बसण्याआधी विचारा, याला काही कारण आहे का? कारण असेल तर ते धरून उत्तर काढायचं. कारण नसेल तरच घोकायचं.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव घ्या, म्हणजे मावळतीचं ऊन मूर्तीपर्यंत पोचतं ते दिवस. ९, १०, ११ नोव्हेंबर, आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. सहा तारखा घोकायच्या? गरज नाही. सूर्य २१-२२ डिसेंबरला सगळ्यांत दक्षिणेकडे मावळतो आणि तिथून परत फिरतो. १० नोव्हेंबरपासून तिथवर साधारण ४१-४२ दिवस होतात. तेवढेच पुढे मोजा, फेब्रुवारीच्या सुरुवातीला पोचता. जाताना जिथं मावळला, येतानाही तिथंच मावळणार. एक तारीख ध्यानात ठेवली की दुसरी हाताशी येते. आणि मावळतीचा किरण देवळात शिरून थेट मूर्तीपर्यंत जातो, वाटेत काही आडवं आलं तर वळसा घालून येत नाही. 'प्रकाश सरळ रेषेत जातो' हे वाक्य त्यानंतर एकाही पोराला घोकावं लागलेलं नाही.

आता घोकायच्या गोष्टी. रंगांचा क्रम आपल्याला लहानपणीच मिळालाय: तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. तांबड्याची तरंगलांबी सर्वांत जास्त आणि प्रिझममधून तो सर्वांत कमी वळतो. जांभळ्याचं दोन्ही उलटं. इथं मी पोरांना तांबडा रस्सा आठवायला लावते. 'तांबडा-पांढरा' म्हणताना तांबडा पहिला येतो, तसा तांबडा रंग पहिला. (पांढरा रस्सा नंतर कामाला येणार आहे.)

पुढं रेझिस्टरवरचे, म्हणजे विजेच्या प्रवाहाला अडवणाऱ्या छोट्या भागावरचे, रंगपट्टे येतात. तिथं प्रत्येक रंग म्हणजे एक अंक. त्यासाठी बी. बी. रॉय नावाच्या कुणा ग्रेट ब्रिटनच्या साहेबाचं आणि त्याच्या बायकोचं, रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून जुळवलेलं वाक्य पिढ्यान्पिढ्या पाठ केलं जातं. ते वाक्य मला कधीच आवडलं नाही. त्यात 'बी' तीनदा येतो, कुठला बी काळा, कुठला तपकिरी आणि कुठला निळा, हे पेपरात आठवत नाही. त्यापेक्षा नीट बघा: काळा ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. दोनपासून सातपर्यंत आपलं तानापिहिनिपाजाच आहे, फक्त पारवा गैरहजर! अलीकडे काळा-तपकिरी, म्हणजे अंधार. पलीकडे करडा-पांढरा, म्हणजे उजेड. तांबडा रस्सा दोनवर आणि पांढरा नऊवर. झालं पाठ.

वेगाचं रूपांतर. किलोमीटर प्रतितासचे मीटर प्रतिसेकंद करताना १८ नं गुणायचं की ५ नं, यात दरवर्षी निम्मी खोली अडकते. अठराचा पाढा म्हणा: अठरा, छत्तीस, चोपन्न, बहात्तर, नव्वद. त्यांच्यासमोर पाचचा पाढा ठेवा: ५, १०, १५, २०, २५. ३६ किलोमीटर प्रतितास म्हणजे १० मीटर प्रतिसेकंद. के. एम. टी.ची बस गर्दीतून बाहेर पडल्यावर साधारण अशीच पळते, म्हणून हा आकडा पक्का करून टाका. उत्तर आल्यावर त्याच्याशी ताडून बघा. सायकलचा वेग ३०० मीटर प्रतिसेकंद आला, तर सायकल जवळजवळ आवाजाच्या वेगानं चाललीय.

गतीची तीन समीकरणं तर सगळ्यांना पाठ असतात. कुठलं कधी वापरायचं, तिथं गाडी अडते. मी हजेरी घ्यायला लावते. विद्यार्थी पाचच: सुरुवातीचा वेग यू, शेवटचा वेग व्ही, त्वरण ए, वेळ टी, विस्थापन एस. प्रत्येक समीकरणात एक जण गैरहजर असतो. व्ही = यू + एटी, यात एस नाही. एस = यूटी + अर्धा एटी वर्ग, यात व्ही नाही. व्ही वर्ग = यू वर्ग + २एएस, यात टी नाही. गणित वाचा आणि कुणाचा उल्लेखच नाही ते शोधा. तो ज्यात गैरहजर, ते समीकरण तुमचं. बस ३६ किलोमीटर प्रतितास वेगानं येत होती, ब्रेक लावल्यावर २० मीटरवर थांबली, त्वरण किती? वेळेचं नाव नाही, म्हणजे तिसरं. ० = १०० + ४०ए, म्हणून ए = उणे २.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग. उणे म्हणजे ब्रेक. तीनही समीकरणं फक्त त्वरण कायम असतानाच चालतात, हे मात्र विसरू नका.

वस्तुमान आणि वजन यांचा घोळ बाजारानं घातलाय. ६० किलो हे तुमचं वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी तुम्हाला ओढते ते बल, ६० गुणिले ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. चंद्रावर ते साधारण सहावा हिस्सा, ९८ न्यूटन होईल, तेही उपास न करता, पण ६० किलो ६०च राहतील.

फिजिक्समधलं 'कार्य' (बल लावून वस्तू हलवली तरच ते होतं) समजायला गुळाचा रवा, म्हणजे ढेप. १० किलोचा रवा एक मीटर उचललात तर ९८ ज्यूल कार्य. मग तो तसाच धरून तासभर उभे राहिलात तर रव्यावरचं कार्य शून्य. यावर पोरं भांडतात, "हात दुखतात की!" दुखणारच, स्नायू आतल्या आत राबत असतात. पण रवा हललेला नाही आणि पेपरात रव्याबद्दलच विचारतात.

शेवटी फ्लेमिंगचे हात, म्हणजे बल, चुंबकीय क्षेत्र आणि विद्युतधारा यांच्या दिशा बोटांवर काढायचे नियम. डावा हात मोटरसाठी, उजवा जनित्रासाठी, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्रासाठी. आपल्याकडे मोटारगाडीचा गिअर डाव्या हाताला असतो, म्हणून मोटर डावी. बोटं अशी: अंगठ्यानं आपण टाचणी दाबतो, तो बल. तर्जनी होकायंत्राच्या सुईसारखी दिशा दाखवते, ते चुंबकीय क्षेत्र. उरलेलं मधलं बोट विद्युतधारा. जनित्राच्या वेळी अंगठा बलाऐवजी तारेच्या गतीची दिशा दाखवतो, बाकी तेच. तिन्ही बोटं एकमेकांना काटकोनात हवीत, नाहीतर उत्तर भलतंच. आणि एक चूक मी वर्षानुवर्षं बघत आलेय: उजव्या हातात पेन असतो म्हणून पोरं जनित्राचा प्रश्नही मोकळ्या डाव्या हातानंच सोडवतात. आधी पेन खाली ठेवा.